घाटकोपर एक्केचाळीस मिनिटं बंद होतं

आमच्या समोरच्या दारात राहणारे नंदकिशोर टिपणीस लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत लावलेलं तपासणीचं प्रमाणपत्र वाचतात. रोज. कागद तोच, काच तीच, तरी वाचतात. एकदा मी विचारलं, "काय हो, कालच्यात आणि आजच्यात काही फरक पडला?" तर म्हणाले, "नाही पडला हे वाचल्याशिवाय कसं कळणार?" आणि जिन्याने गेले, कारण माझ्याशी बोलण्याच्या नादात लिफ्ट वर निघून गेली होती.

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या गल्लीत आमची चार मजली सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं, आमचं आणि टिपणिसांचं. शेजाराला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा माणूस कशावर चटकन विश्वास ठेवताना मी पाहिलेला नाही. कोथिंबिरीची जुडी घेतली तर सुतळी सोडवून मध्ये बघणार. एका रिक्षावाल्याने पत्ता माहीत आहे म्हटलं की दुसऱ्याला विचारणार, दोघांचं जुळलं की तिसऱ्याच्या रिक्षात बसणार. त्यांची बायको उत्तरा बँकेत आहे. ती म्हणते, "लतावहिनी, लग्नाआधी यांनी माझी तीन ठिकाणी चौकशी केली. तिन्हीकडून एकच उत्तर आलं तेव्हा कुठे होकार दिला." मी म्हटलं, "आणि तू?" ती म्हणाली, "मी एकाच ठिकाणी केली. तिथेच फसले."

किल्ल्यांचं तर सांगायलाच हवं. आमच्या इमारतीत बाहेरगावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची पद्धत आहे. कुंड्यांना पाणी घालायचं, दुधाची पिशवी उचलायची, पाइप फुटला तर दार उघडायचं. आमची किल्ली टिपणिसांकडे असते. टिपणिसांची मात्र अर्धीच आमच्याकडे. त्यांच्या दाराला दोन कुलपं, वरच्याची किल्ली माझ्याकडे आणि खालच्याची पहिल्या मजल्यावरच्या गंधालीकडे. गंधाली सोसायटीची सेक्रेटरी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि स्कूटर कुठे लावायची यावरून तिचं-माझं तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. टिपणिसांनी आम्हाला निवडलं ते याच कारणासाठी. उत्तराकडूनच कळलं मला. "एकटी कोणी उघडू शकत नाही, आणि दोघी एकत्र येणार नाहीत," असं त्यांचं गणित.

माणसाने इतका विचार करू नये. पण ते पुढे येईलच.

गेल्या जानेवारीत एका दुपारी तीन मोठे खोके वर आले. मी सकाळच्या शाळेत शिकवते, दीडला घरी असते, त्यामुळे दुपारी मजल्यावर काय चढतं आणि काय उतरतं याची नोंद आपोआप राहते. खोके आणणाऱ्यांना टिपणीस जिन्यावर तीनदा म्हणाले, "आडवं करू नका." दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून घोंघों सुरू झाली. आणि अंधेरीला नोकरीला जाणारा माणूस आठवड्यातले दोन-तीन दिवस भर दुपारी घरी. चौपन्नाव्या वर्षी माणूस उगाच घरी बसत नाही.

त्यांचा मुलगा शौनक बंगळुरूला शिकतो. त्याच्या रिकाम्या खोलीची खिडकी आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडतात. कान लावावा लागत नाही, भांडी घासताना नळ थोडा बारीक केला की झालं. तर ऐकू काय आलं? "घाटकोपर मागे पडलंय. मुलुंडचं आत्ता खरं धरायचं नाही. थांब, अंधेरीला मारून बघतो." मग टक् असा आवाज. मग समाधानाने, "मेली."

मी नळ बंद केला.

रात्रीच्या जेवणाला मी हे भीमराजला सांगितलं. भीमराज म्हणजे माझा नवरा, विमा कंपनीत आहे, मूळचा वाशीमचा, आणि सव्वीस वर्षं मुंबईत राहूनही वैतागला की वऱ्हाडात जातो. म्हणाला, "काऊन दुसऱ्याच्या भानगडीत पडते? काम असंल त्याचं."

"कसलं काम? माणूस एकटा खोलीत बसून अंधेरी मारतोय."

"मंग मुलुंड मारन तेव्हा सांग मले."

अशा माणसाबरोबर संशय घेण्यात काही मजा नाही. शेवटी साबुदाण्याच्या वड्यांची ताटली घेऊन मी समोर गेले. टिपणिसांनी दार उघडलं, ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज तर उपास नाही."

"उपास नाही म्हणूनच तळलेत. आत काय चाललंय ते दाखवा."

आता एवढं सरळ विचारलं की या माणसाला संशय घ्यायला जागा राहत नाही. त्यांनी दाखवलं. शौनकच्या पलंगावरची गादी काढून फळीवर तीन मशीनं मांडलेली, एकेक सुटकेसएवढं. प्रत्येकावर खाकी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात: अंधेरी, घाटकोपर, मुलुंड. एसी अठरावर. बाहेर बायको पंख्याखाली.

मग त्यांनी समजावलं, ते मला समजलं तसं सांगते. टिपणीस ज्या स्कॅन सेंटरमध्ये आहेत त्याच्या तीन शाखा, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड. एमआरआय, सीटी, सगळं. तिथल्या संगणकांची जबाबदारी टिपणिसांची. अकरा वर्षांचे स्कॅन अंधेरीच्या एका जुन्या सर्व्हरमध्ये आहेत आणि तो आता शेवटचे श्वास मोजतोय. कोणा बाईचा मेंदूचा स्कॅन पाच वर्षांपूर्वी कसा होता ते डॉक्टरला आज बघायचं असतं. तो गेला की गेला, परत काढता येत नाही. म्हणून नवी व्यवस्था अशी की प्रत्येक स्कॅनच्या तीन प्रती, तीन शाखांत एकेक. एक मशीन मेलं तरी दोन शिल्लक. आणि तिघांत वाद झाला तर दोघांचं जुळेल ते खरं.

"म्हणजे तुमच्यासारखं," मी म्हटलं. "रिक्षावाल्यांचं."

"रिक्षावाले बरे. डिस्क खोटं बोलते, वहिनी. लिहिलं म्हणते, लिहिलेलं नसतं. किंवा लिहिते, आणि दोन वर्षांनी एखादं अक्षर आतल्या आत सडतं, कोणाला कळत नाही."

त्यांचा प्रश्न मात्र डिस्कचा नव्हता. या तिन्ही मशीनांवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, हा होता. म्हणजे मशीन सुरू झाल्यावर त्याचं सगळं चालवणारी जी मूळ व्यवस्था असते ती. वरचं सगळं तिच्या जिवावर. एकदा घातली आणि खाली लाखभर स्कॅन भरले की बदलणं म्हणजे माणसं आत राहत असताना इमारतीचा पाया बदलणं.

उमेदवार तीन. पहिली दरवर्षी पैसे भरून घ्यायची. ती सुचवणारा नितेश, बाहेरच्या एका कंपनीचा सल्लागार, ज्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळं कामच त्याच्या कंपनीला द्यावं आणि टिपणिसांना घरी पाठवावं. हे दुसरं तो अर्थातच वेगळ्या शब्दांत म्हणायचा. दुसरी फुकट, चकचकीत, आणि दर थोड्या महिन्यांनी नवी. तिसरी डेबियन, तीही फुकट, पण म्हाताऱ्या माणसासारखी, नवं काही लवकर न घेणारी.

"फुकट आहे तर फुकटवाली घ्या की," मी म्हटलं.

टिपणिसांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी वडा उचलून त्यांच्या हातात दिला. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी एका फुकटच्या सिस्टिमवर भरवसा टाकला होता. पुष्कळ वर्षं दुरुस्त्या पाठवत राहू असं ती बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं, आणि मध्येच गाशा गुंडाळला. टिपणिसांची चार मशीनं नुकतीच तिच्यावर नेलेली. आयुष्यात एकदा चौकशी कमी केली आणि तेव्हाच हे झालं. तेव्हापासून लिफ्टचं प्रमाणपत्र.

"मार्चच्या शेवटच्या सोमवारी बैठक आहे," ते म्हणाले. "सेंटर ज्यांचं त्या डॉक्टरीणबाई, मी आणि नितेश. मी एक नाव सांगायचं आणि का ते सांगायचं. माझ्या चाचणीत एकही स्कॅन हरवला, किंवा एकही गोष्ट अशी झाली जिचं कारण मला सांगता आलं नाही, तर काम नितेशकडे. आणि मी..." त्यांनी हातातला वडा खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाले.

चौपन्नाव्या वर्षी संगणकाच्या माणसाला दुसरीकडे कोण घेतं? उत्तराला हे पुरतं माहीत होतं. ती त्या महिन्यात एसीबद्दल एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

जानेवारी पहिलीचा, फेब्रुवारी दुसरीचा. भिंतीपलीकडे अंधेरी मेली, घाटकोपर मेलं, मुलुंड तर आठवड्यातून तीनदा. मला सवय झाली. कुकरची शिट्टी आणि "मेली" साधारण एकाच वेळी व्हायचं. मार्चमध्ये डेबियनची पाळी आली, आणि आवाजावरून सांगते, टिपणीस तिच्यावर खूश होते. म्हणजे शिव्या कमी झाल्या.

शेवटची चाचणी होती बुधवार ते शनिवार, न थांबता. तिन्ही मशीनांनी जुने स्कॅन लिहीत राहायचं, वाचत राहायचं, एकमेकांशी ताडून बघायचं. आणि नेमकं गुरुवारी-शुक्रवारी उत्तराच्या भाच्याचं रोह्याला लग्न. टिपणीस येत नाही म्हणाले. उत्तराने एकदाच बघितलं. टिपणीस गेले.

जाताना दारात उभे राहून मला म्हणाले, "वहिनी, पाइप फुटला, आग लागली, तर गंधालीला घेऊन उघडा. पण काहीही झालं तरी शौनकच्या खोलीत जाऊ नका."

भीमराज मागे चहा पीत होता. दार लागल्यावर म्हणाला, "आता ही तिथंच जाईन."

गुरुवारी दुपारी चारला डक्टमधून आवाज यायला लागला. पीं. पीं. पीं. थांबायचा, परत पीं. मी दहा मिनिटं सहन केलं. मग दारावर टकटक, आणि बाहेर चक्क गंधाली. तिच्या बाथरूममध्ये तो आवाज घुमत होता. तीन वर्षांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं, "तुमच्याकडे वरची आहे ना?"

"तुझ्याकडे खालची आहे ना?"

दोघींनी मिळून दार उघडलं. आता खरं सांगायचं तर आग नव्हती, पाणी नव्हतं, हे दारातच कळलं होतं. पण आलोच आहोत तर. गंधाली म्हणाली, "ताई, खोलीत नको ना, काका नको म्हणाले होते." आणि माझ्याआधी तीच खोलीत शिरली.

एसी भणाणतोय, तीन मशीनं घोंघावतायत, आणि घाटकोपरच्या खाली ठेवलेली बॅटरीची पेटी, वीज गेली तर आधार म्हणून असते ती, पीं पीं करतेय. ती अधूनमधून आपली आपणच तपासणी करते आणि तेव्हा ओरडते, हे आम्हाला पुढे कळलं. आता माझी एक सवय सांगते. शाळेत वर्गातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवे-पंखे बंद करायचे, हा माझा नियम. सत्तावीस वर्षं मुलांकडून करून घेतलाय. घरात माणूस नाही आणि सगळं चालू, हे मला बघवत नाही. हात आपोआप गेला. सगळं नाही, फक्त त्या पेटीचं पुढचं बटण. पीं पीं थांबलं. त्याबरोबर घाटकोपरचे दिवेही गेले.

"ताई," गंधाली म्हणाली. "हे काय केलंत यार?"

मी परत दाबलं. काही नाही. परत. काही नाही. गंधालीने फोनवर तसल्या पेटीचा व्हिडिओ शोधला, त्यातला माणूस आधी बराच वेळ आपली ओळख सांगत होता. तोवर आम्ही एसीत उभ्या राहून घामाघूम. शेवटी कळलं की बटण दाबून धरायचं असतं. दाबून धरलं, पेटीने एकदाच पीं केलं, घाटकोपर जागं झालं, हळूहळू त्याचे दिवे इतर दोघांसारखे लुकलुकायला लागले. आम्ही कुलपं लावली. जिन्यात उभं राहून ठरलं की हे कोणाला सांगायचं नाही. त्या दिवशी स्कूटरचं भांडणही मिटलं, दोन मिनिटांत. गुन्ह्यात सोबत लागते तेव्हा माणूस फार समजूतदार होतो.

टिपणीस शुक्रवारी उशिरा आले. शनिवारी सकाळी मी शाळेतून फोन करून भीमराजला विचारलं, "समोरून काही आवाज?" तो म्हणाला, "काहीच नाही." तेच मला आवडलं नाही.

दुपारी ते स्वतःच आले. हातात कागद. "वहिनी, गुरुवारी चारच्या सुमाराला वीज गेली होती?"

"नाही."

"तुमच्या घरी पंखा क्षणभर तरी थांबला? दिवा मिचकला?"

"नाही हो." दोन्ही उत्तरं अगदी खरी होती.

"घाटकोपर चार वाजून बारा मिनिटांनी बंद पडलं. चार त्रेपन्नला सुरू झालं. एक्केचाळीस मिनिटं. का बंद पडलं याची एक ओळ नाही. बॅटरी तपासली, धड आहे. अंधेरी आणि मुलुंड चालू होती. म्हणजे आतलंच काहीतरी." कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "मला वाटत होतं ही तरी सरळ असेल."

ही म्हणजे डेबियन. बिचारी. माझ्या समोर तिच्यावर आळ आला आणि मी त्यांना विचारलं, चहा घेणार का.

खालीही ते चौकशी करून आले होते. गंधालीने वीज गेली नाही एवढंच सांगितलं होतं. दार उघडलं असेल ही शंका त्यांना आलीच नाही असं नाही. पण वरची किल्ली माझ्याकडे, खालची तिच्याकडे, आणि आमचं पटत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर सगळ्यावर संशय घेतला, आणि विश्वास ठेवला तो दोन बायकांच्या भांडणावर.

रविवारी सकाळी उत्तरा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी माझ्या गॅलरीतून विचारलं, "उद्या बैठक ना गं?"

"हो. काय उपयोग." चिमटे लावता लावता म्हणाली, "हे उद्या सांगणार, एकदा बंद पडलं, कारण माहीत नाही. म्हणजे मी या सिस्टिमची शिफारस करू शकत नाही. बाकी दोन तर यांनीच बाद केल्यात. मग नितेश समोर बसलेला आहेच."

"तेवढी एक ओळ गाळायची."

"यांनी?" ती हसली, पण हसण्यासारखं तोंड नव्हतं. "यांना मी म्हटलं तसं. तर म्हणाले, मग त्या अहवालातल्या बाकीच्या ओळींवर मी तरी कसा विश्वास ठेवू?"

मी आत आले. जेवायला वाढलं. भीमराजने माझ्या ताटाकडे पाहिलं, भात तसाच. म्हणाला, "गेली होतीस ना खोलीत?"

मी त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

"हात लावला?"

"एक बटण."

"जाय. आत्ता जाय. भात झाकून ठेवतो मी."

मी गेले आणि दारातच सांगून टाकलं. बसलेसुद्धा नाही, बसलं की माणूस सजवून सांगतो. टिपणिसांनी सगळं ऐकून घेतलं. उत्तरा मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं आता एकोणीस वर्षांचा शेजार संपला.

ते म्हणाले, "हे तुम्हाला उत्तराने सांगायला लावलं."

"काय?"

"मला उद्या एक कारण मिळावं म्हणून. तुम्ही चांगल्या मनाने करताय, कळतं मला. पण खोट्या कारणावर मी अहवाल देणार नाही."

घ्या. लपवलं तेव्हा पटलं होतं, खरं बोलले तर पटेना. मी म्हटलं, "गंधालीला विचारा."

"विचारणारच आहे. तुम्ही इथे बसा. फोन टेबलावर."

मला त्यांनी हॉलमध्ये बसवलं, गंधालीला बोलावून स्वयंपाकघरात नेलं, दार ओढून घेतलं. आम्ही दोघींनी नजर भिडवू नये म्हणून उत्तराला मध्ये उभं केलं. आधी माझी उलटतपासणी झाली होती: कुठलं बटण, किती वेळा, एसी किती, मुलुंडचा दिवा कुठल्या रंगाचा, किती वेळ बंद होतं. मी म्हटलं, "असेल दहा-बारा मिनिटं." मग तिची. ओट्याजवळ बोललेलं हॉलमध्ये स्वच्छ ऐकू येतं, हे त्यांच्या लक्षात नसावं.

"काका, पाऊण तास तरी. लताताई तर रडायच्या बेतात होत्या."

टिपणीस बाहेर आले. "बटण दोघींचं तेच. रंग तोच. वेळ वेगळी. तुम्ही दहा म्हणता, ही पंचेचाळीस, नोंद म्हणते एक्केचाळीस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुमची प्रत चुकीची आहे, वहिनी. बाकी दोन जुळतात."

"लाज वाटली म्हणून कमी सांगितलं."

"ते बरंच झालं. दोघींनी अगदी एकच सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

हे मला पटलं. दोन पेपरांत एकच उत्तर असलं तर मी दोन्ही मुलांना उभं करते.

मग त्यांनी चष्मा परत लावला. "खोलीत जाऊ नका म्हटलं होतं," एवढंच म्हणाले, हळू आवाजात. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

पण पुढच्या क्षणी डोळे बारीक झाले आणि ते त्या खोलीत धावले. आम्ही मागे. पडद्यावर ओळी सरकवत त्यांनी बघितलं की त्या एक्केचाळीस मिनिटांनंतर घाटकोपरने काय केलं. तेवढ्या वेळात अंधेरी आणि मुलुंड काम करत राहिली होती. घाटकोपर उठलं तेव्हा त्याला कळलं की आपण मागे आहोत. त्याने आपलं खरं म्हणून हट्ट धरला नाही, दोघांकडून राहिलेले स्कॅन मागून घेतले. तीनशे बारा स्कॅन. त्यांनी एकेक ताडून पाहायला लावले. सगळे जुळले.

"मग झालं की," उत्तरा म्हणाली.

"एकदा झालं म्हणजे झालं असं नाही," टिपणीस म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, मी खाली फाटकापाशी जातो. अर्धा तास. या खोलीत तुम्हाला वाटेल ते करा. मला सांगू नका. मी स्वतः चाचणी घेतो तेव्हा कुठे दुखेल ते मला आधीच माहीत असतं, नकळत जपून मारतो. तुम्ही जपणार नाही."

"मी? काहीही?"

"पाणी सोडून."

इतक्या वर्षांत मला कोणी असं आमंत्रण दिलं नव्हतं. टिपणीस खाली गेले, ते चोरून वर येऊ नयेत म्हणून गंधाली त्यांच्यावर पहारा द्यायला गेली. मी खोलीत एकटी, तीन मशीनं माझ्याकडे लुकलुकत बघतायत. बटण आता शिळं झालं होतं. मागे वाकून पाहिलं. प्रत्येकाला एकेक निळी वायर, त्यातूनच तिघं एकमेकांशी बोलतात असं त्यांनी मागे सांगितलं होतं. मी मुलुंडची वायर ओढली आणि परत नुसती टेकवून ठेवली, दिसायला जागेवर, पण आत नाही. वर्गात पोरं असंच करतात, गृहपाठाची वही उघडी असते, आत काही नसतं.

ते वर आले. काय बिघडवलंय ते शोधायला त्यांना नऊ मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. वायर हातात धरून त्यांनी पडदा पाहिला. मुलुंड चालू होतं, ठणठणीत, फक्त त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. आणि एकटं पडल्यावर त्याने लिहायला नकार दिला होता. वाचून दाखवणार नाही, लिहून घेणार नाही, आधी कोणीतरी दुसरा भेटू दे. तिकडे अंधेरी आणि घाटकोपर दोघं मिळून कामाला लागलेली.

"फेब्रुवारीत त्या दुसरीत एकटं पडलेलं मशीन आपलंच खरं धरून लिहीत बसलं होतं," टिपणीस म्हणाले. "तिच्याबरोबर येणारं साठवणीचं सॉफ्टवेअर मुळातच तसं मांडलेलं. दोन वेगळी सत्यं तयार झाली, निस्तरायला मला दोन दिवस लागले." निळी वायर त्यांनी नीट आत बसवली, टक् आवाज येईपर्यंत. "वायर मी कधी अशी काढली नसती. मी काढली की पूर्ण काढतो."

संध्याकाळी त्यांनी अहवाल पुरा केला. मला वाचायला दिला, त्यातली एक ओळ बरोबर आहे का एवढ्यापुरता: "चाचणी क्रमांक सतरा. शेजाऱ्यांनी पूर्वसूचना न देता घाटकोपर बंद केले. कालावधी एक्केचाळीस मिनिटे." मी म्हटलं, नाव नको. ते म्हणाले, नाव नाहीच आहे. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी कशाला, एका व्यक्तीने लिहा. ते म्हणाले, "दोघींची किल्ली लागली, वहिनी."

सोमवारी मी शाळेतून थेट घरी आले. साडेतीनला लिफ्टचं दार वाजलं, म्हणजे लिफ्टनेच आले. मी दार उघडून उभी. उत्तराने बँकेत अर्धी रजा टाकली होती, ती तिच्या दारात.

"झालं?"

"हो म्हणाल्या. डेबियन. काम माझ्याकडेच." चेहरा मात्र असा, की कोणी पाकीट मारलंय.

उत्तराने डोळे मिटले आणि उघडले. "मग असे काय उभे आहात?"

"नितेशने विचारलं, शेजारी ही कुठली चाचणीची पद्धत. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी विचारलं, म्हणजे कोणीही आत शिरून बटण दाबलं तरी पेशंटचा स्कॅन जाणार नाही? मी म्हटलं, नाही जाणार. लगेच सही केली." त्यांनी बॅगेतून अहवाल काढला. "शेवटचं पान त्यांनी उलटलंच नाही."

"काय आहे शेवटच्या पानावर?" मी विचारलं.

"दोन एकाच वेळी बंद पडली तर. तेव्हा तिसरं लिहून घेत नाही, काम थांबतं. स्कॅन हरवत नाही, पण थांबतं. ते मी तोंडाने सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

उत्तरा म्हणाली, "नंदकिशोर, आज नको. उद्या सांगा. पुढच्या आठवड्यात सांगा."

त्यांनी फोन काढलाच होता. उत्तराने माझ्याकडे पाहिलं, की हिने काहीतरी करावं, एरवी हिचा हात लगेच जातो. पण त्या बटणाला मला हात लावता येईना. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, दोन बंद पडली तर काय, किती वेळ, कोणाचा खोळंबा होईल. मग ऐकत राहिले. दोनदा "हो" म्हणाले, एकदा "बरं". फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" उत्तराचा आवाज बारीक झाला होता.

"म्हणाल्या, शेवटचं पान मी नेहमी आधी वाचते. ते वाचूनच सही केली."

उत्तरा मटकन तिथे दारातल्या चपलांच्या फळीवर बसली आणि हसायला लागली. मीही. टिपणीस हसले नाहीत. फोन हातात धरून ते विचार करत उभे होते.

"वहिनी," ते म्हणाले, "खरंच वाचलं असेल का हो त्यांनी?"

"नितेश होता ना तिथे," मी म्हटलं. "त्याला विचारा."

मी गंमत केली होती. त्यांनी बूट काढले, आत जाऊन पाणी प्यायले, आणि खुर्चीत नीट बसून नितेशचा नंबर शोधायला घेतला.